दुपारची बाई

सकाळची बाई एक वाजता चष्म्याच्या दुकानात यायची आणि घराची किल्ली काउंटरवर ठेवायची.

"दादा, आईंना डाव्या कुशीवर निजवलंय. दुपारची बाई आली की दोनला कूस बदलायला सांगा."

"सांगतो," दुकानदार म्हणायचा आणि किल्ली गल्ल्यात टाकायचा. सहापर्यंत ती तिथंच पडून असायची.

कारण दुपारची बाई नव्हतीच.

माणूस वाईट नव्हता हो. दुकान बसलं होतं, एवढंच. दूरगावची बहीण अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी दोन बायांचे पैसे पाठवायची, त्यातले एकीचे दुकानाच्या भाड्यात जायचे. "ताई, दुपारची बाई ठेवलीय, तू निर्धास्त राहा," असं त्यानं फोनवर सांगितलं, तेही आईच्या उशाशी उभं राहून. आईनं ऐकलं. नुसती भिंतीकडे बघत राहिली. तेव्हापासून त्याला तिच्या नजरेला नजर देववेना. रात्री तिची कूस बदलायचा, तीसुद्धा दिवा न लावता.

एकदा सकाळची बाई किल्ली ठेवून जाता जाता थबकली.

"तुमची दुपारची माझ्यापेक्षा हुशार निघाली बरं का! आईंच्या पाठीवर एक लाल डाग नाही. गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, हे तिचंच. आईंनी सांगितलं, आता मीही देते. फक्त तिला म्हणावं, हात पुसून नोंदीच्या कागदाला लावत जा."

ती गेली. त्यानं किल्ली गल्ल्यात टाकली, पण अडीच वाजता पुन्हा बाहेर काढली. दुकान तसंच टाकून घरी आला.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा वास. आई उजव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. केस नुकतेच विंचरलेले, भांग ओला. भिंतीवर कूस बदलल्याच्या नोंदीचा कागद होता. त्यावर सकाळच्या फुल्या, आणि दोन आणि चारच्या रकान्यांत अंगठे. शाई नव्हती. पाण्याचे अंगठे... मागच्या आठवड्यातलेही अजून ओलेच.

"आई... कोण आलं होतं?"

"दुपारची बाई. तूच ठेवलीस ना रे?"

तो पलंगाशी बसला. "आई, मी खोटं बोललो. ताईशी... तुझ्याशी. मी कुणालाही ठेवलेलं नाही."

आईनं कितीतरी दिवसांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ठाऊक आहे मला. हळू बोल... ऐकेल ती."

"म्हणजे... गेली नाही?"

"जाईल कशी? चार वाजायचेत अजून."

त्याच संध्याकाळी त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. ती रडली, बोल बोल बोलली, आणि शेवटी खरीखुरी बाई ठेवली गेली. कागदावरचे अंगठे एका दिवसात वाळले. नवा उमटला नाही.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तो आपल्या खोलीत जरा आडवा झाला. जन्मभर उताणा झोपणारा माणूस. जाग आली तेव्हा तो डाव्या कुशीवर होता, तोंड भिंतीकडे. गुडघ्यांमध्ये कुणीतरी उशी नीट बसवलेली.

आणि भिंतीवर, अगदी डोळ्यांसमोर, एक ओला अंगठा. त्याच्याखाली पुढच्या अंगठ्यांसाठी जागा सोडलेली.