बुधवारची चारची बोट

अपोंदीचं काम बसल्या जागेचं. सरोवराकाठच्या म्बिता गावात, धक्क्यावरच बोट कंपनीचं ऑफिस होतं. तिथं खिडकीपाशी बसून ती फेऱ्यांचा रिपोर्ट करायची. चढताना प्रवासी तिकीट मशीनला दाखवत आणि उतरताना फिरत्या दांड्याच्या फाटकातून बाहेर पडत. जितके चढले तितकेच उतरले, की रिपोर्ट हिरवा. मग चहा आणि तळलेली गरम मंदाझी.

न्याकेरा बेटावर नवं फाटक बसलं आणि हा हिरवेपणा बिघडला. बुधवारची चारची बोट म्बिताहून निघायची, आणि बेटावर दर वेळी एक माणूस जास्त उतरायचं. सात बुधवार झाले, एकही सुटला नाही.

"म्हातारा सोयऱ्यांना फुकट फिरवतोय," कंपनीचे मॅनेजर ओगोलासाहेब म्हणाले. म्हातारा म्हणजे बेटावरच्या फाटकावरचा ओदेराबाबा. "गेल्या बुधवारी साठाच्या बोटीतून एकसष्ट उतरले. महिनाअखेरीला तपासणीवाले येतायत. परवाना गेला तर बेटाची बोट बंद! त्याआधी त्यालाच घरी बसवतो."

"दोन दिवस द्या साहेब. आधी रिपोर्टला विचारते."

"विचार. तुझं माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त जमतं."

रिपोर्टमधल्या सगळ्या सेलना एकच फॉर्म्युला होता, आणि डेटाला ते एकच प्रश्न विचारत: किती? पण एखाद्या सेलला स्वतःचा फॉर्म्युला देता येई. मग शेजारचे काहीही विचारोत, तो आपल्यापुरता वेगळा प्रश्न विचारून उत्तर आणी. अपोंदीनं बुधवारच्या त्या सेलमध्ये लिहिलं: या फेरीपुरतं, दांडा शेवटचा कधी फिरला ते सांग.

उत्तर आलं तेव्हा तिचा चहा निवला होता. एरवी पाच मिनिटांत धक्का रिकामा व्हायचा. बुधवारी मात्र सगळे गेल्यावर नऊ-दहा मिनिटांनी दांडा एकदा फिरायचा. एकदाच. फुकट्या माणसाला घाई असते. हा कोण असा, सावकाश उतरणारा?

बुधवारी ती स्वतःच तिकीट काढून बोटीत बसली. लख्ख ऊन होतं. सुकवलेल्या ओमेना मासळीच्या पोत्यांचा वास सुटला होता. तिनं डोकी मोजली, स्वतःला धरून चव्वेचाळीस. मोबाइलवरचा रिपोर्टही तेच सांगत होता. शेजारी मासे विकणारी अतोतीची आई ऐसपैस बसली होती आणि अख्ख्या बोटीला जावयाची कहाणी ऐकवत होती.

"काटेसुद्धा ठेवत नाही मेला! आमच्या मांजरानं घर सोडलं. म्हणालं, इथं आपलं काही खरं नाही."

बोट हसत होती. अपोंदीही हसली.

अर्ध्या वाटेवर सुकाणूवरच्या ओबुरानं इंजिन हळू केलं. थांबायला तिथं काहीच नव्हतं. सपाट पाणी, लांबवर जलपर्णीचा एक हिरवा पट्टा. वारा पडला. इंजिनाची घरघर इतकी बारीक झाली, की फळ्यांखाली पाणी चुळबुळताना ऐकू यायला लागलं. मग बोट डावीकडे कलली... किंचितच. कुणीतरी काठाला दोन्ही हातांनी धरून अंग वर ओढून घ्यावं, तशी. आणि एक वास आला. तळाच्या गाळाचा, ऊन कधीच न पाहिलेला, थंड वास.

अतोतीच्या आईनं बोलणं न तोडता बूड उचललं आणि अपोंदीला खेटून बसली. पलीकडे वीतभर जागा मोकळी झाली. तिथली कोरडी फळी हळूहळू काळी पडत गेली. ओल पसरत होती.

"मावशी... तिथं कोण..."

"दमलेलं माणूस आहे," ती हळूच म्हणाली. "टक लावून बघू नकोस गं. लाजतात."

आणि पुन्हा मोठ्यानं, "तर जावई म्हणाला, सासूबाई, अजून एक मासा आहे का?"

पुढचा अर्धा तास अपोंदी समोरच्या पोत्याची शिवण बघत बसली.

बेटावर सगळे उतरले, फाटकातून गेले. आकडा चव्वेचाळीसवर थांबला. ती ओदेराबाबाजवळ उभी राहिली. त्यानं टोपी काढली आणि रिकाम्या बोटीकडे बघत राहिला. नऊ मिनिटं गेली. मग धक्क्याच्या तापल्या सिमेंटवर एक ओलं पाऊल उमटलं. त्याच्यापुढं दुसरं. लहानशी, बाईची पावलं.

"आलीस का गं?" बाबा बाजूला सरला. "ये, ये. आई जागीच आहे तुझी."

दांडा सावकाश फिरला. पंचेचाळीस.

पावलं चढणीच्या वाटेनं वर गेली. थोड्या वेळानं वरच्या घरातून एका म्हातारीचं हसणं ऐकू आलं. रडत रडत हसणं.

"एकोणीस वर्षं झाली," बाबा म्हणाला. "लग्नाहून येताना शिडाची होडी उलटली. अकरा जण सापडलेच नाहीत. ही आठवी."

"पण इतकी वर्षं... आत्ताच का?"

"पूर्वी इथं नुसता चिखल होता. आता फाटक झालं, दिवा आला. त्यांना वाट दिसली असेल. आम्ही फक्त ताट वाढून ठेवतो."

"साहेब तुम्हाला काढणार होते, बाबा! सांगायचं तरी."

"काय सांगू? मेलेल्यांची तिकिटं मागा म्हणून?" बाबा बोळक्या तोंडानं हसला आणि तिलाही हसू फुटलं.

गुरुवारी ती पुन्हा खिडकीपाशी बसली. खोटं लिहायचं नव्हतं आणि बोटही बंद पडू द्यायची नव्हती. बुधवारच्या चारच्या सेलना तिनं वेगळे फॉर्म्युले दिले. इतर फेऱ्यांना जास्तीत जास्त साठ तिकिटं, या फेरीला एकोणसाठच. आणि चढलेल्यांत एक जास्तीचा आकडा: मध्ये चढलेले, एक. रिपोर्ट हिरवा झाला.

महिनाअखेरीला तपासणीवाल्यानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "मध्ये चढलेले? भर पाण्यात थांबा आहे की काय?"

"आहे ना साहेब," ओबुरा म्हणाला. "बुधवारी या, दाखवतो. शेजारीच बसवतो तुम्हाला."

तपासणीवाला किनाऱ्यावरच लहानाचा मोठा झालेला. त्यानं ओबुराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फाइल मिटली आणि सगळं व्यवस्थित असल्याची सही केली. ओगोलासाहेबांनी ओदेराबाबाला नवी टोपी पाठवली. कारण मात्र विचारलं नाही.

अकरावा आला त्या बुधवारी बेटावर मोठी पंगत झाली. अपोंदीला आग्रहानं बोलावलं. तळलेला मासा, मक्याच्या पिठाची उगाली, पहाटेपर्यंत नाच. अतोतीच्या आईचा जावईही होता, आणि त्याच्या ताटात खरंच एकही काटा उरला नाही. पुढच्या बुधवारी जितके चढले तितकेच उतरले. अपोंदीनं तो वेगळा फॉर्म्युला काढून टाकला. जरा चुकल्यासारखं वाटलं तिला.

शनिवारी सकाळी तिनं रिपोर्ट उघडला. बेटाहून म्बिताला आलेली पहिली बोट. उलट दिशेची. बेटावर चढले एकतीस. म्बिताला उतरले बत्तीस.

ती धावत फाटकाशी गेली. पाण्याचा थेंबही नव्हता. दांड्यावर कोरडी लाल माती लागली होती, आणि मातीचे डाग बाजाराच्या रस्त्याकडे गेले होते.

तिनं बाबाला फोन लावून सगळं सांगितलं.

"पोरी... बुडालेला सापडला नाही, की आपण यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरतो ना त्याच्या जागी? माणसाएवढं मानून, रडून, नाव घेऊन. तशी अकरा पुरली होती आम्ही."

"हो..."

"आज एक खड्डा उघडाय."

"कुत्र्यांनी उकरला असेल, बाबा."

"नाही गं. माती आतून बाहेर आलीय."

खिडकीबाहेर बाजार भरत होता. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, हसत होतं.

"उघडा एकच आहे ना?" तिनं विचारलं.

"एकच," बाबा म्हणाला. "आज... एकच."