पुटपुटल्याची शिक्षा

"मी कॉपी केली नाय, सर! नुसता प्रश्न वाचत होते!"

परीक्षा विभागाच्या खिडकीशी प्रेरणा तावातावानं बोलत होती. पाचोडहून एसटीनं आलेली, तोंडाला मास्क, डोळ्यांत नुसता जाळ. लहानपणापासून कुठलीही ओळ ओठांत पुटपुटल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नसे. ऑनलाइन परीक्षेतही ती पुटपुटली, अन् पाळत ठेवणाऱ्या त्या मठ्ठ ॲपनं ठरवून टाकलं, पोरगी कुणाला तरी उत्तरं विचारतेय. थेट नापास! लॉकडाऊनभर गच्चीवर रेंज शोधत केलेला अभ्यास पाण्यात, अन् एमएस्सीचा प्रवेशही हातचा जाणार.

मागं वरद उभा होता. तिच्याच वर्गातला, पण आजवर दिसलेला फक्त मोबाइलच्या चौकोनात; रेंज नसल्यानं तिचा कॅमेरा मात्र कायम बंद. "बाप रे... डोळे असे, तर तोंड कसं असेल?" तो हळूच म्हणाला.

ती गर्रकन वळली. "तुला किती पडले?"

"ब्याण्णव."

"अभ्यास करून?"

वरदनं नजर चुकवली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं आली होती... सगळ्यांनी उतरवली, त्यानंही.

"वा रे न्याय! ज्यांनी छापलं ते हुशार, अन् जिनं वाचलं ती चोर!"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. मार्कशीट घेऊन गुपचूप निघता आलं असतं वरदला. पण तो खिडकीशी गेला.

"सर, कॉपी मी केलीय. हिची तोंडी परीक्षा घ्या, माझीही घ्या. नाहीतर मलाही नापास करा."

"येडा झाला का तू?" ती कुजबुजली.

"व्हय," तो तिच्याच सुरात म्हणाला. "आत्ताच... तुझ्यामुळं."

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांसमोर तोंडी परीक्षा झाली. प्रेरणा धडाधड बोलली अन् पास झाली. वरदची मात्र दांडी गुल!

परीक्षा विभागासमोरच्या कडुनिंबाखाली तो एकटाच बसला होता. ती आली, अन् पहिल्यांदाच तिनं मास्क खाली ओढला.

"पस्तावलास?"

"छे... तोंड दिसलं ना."

"लाज नाय तुला!" म्हणत ती शेजारीच बसली. "पुन्हा परीक्षा कधी?"

"महिन्यानं. शिकवशील?"

"शिकवीन. पण मी पुटपुटते बरं का."

"पुटपुटू नकोस," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच. मला तुझा आवाज आवडतो... तू आवडतेस."

ती लाजली. मग पुस्तक उघडलं, अन् परीक्षा विभागाच्या खिडकीकडं तोंड करून, कुणाच्या बापाला न भिता, खणखणीत आवाजात वाचू लागली.