रेवतीने सोडलेला पेपर

गुरुवारी शेगावच्या लॉजमध्ये खोली मागणं म्हणजे भरल्या एसटीत खिडकीची जागा मागणं. तरी एका गुरुवारी संध्याकाळी एक उंचसा तरुण काउंटरपाशी आला आणि अगदी ऐटीत म्हणाला, "एक रूम द्या मॅडम. आमच्या साहेबाले पायजे."

"एकही खाली नाही," रेवती मान वर न करता म्हणाली.

"मंग साहेबाले पायऱ्यांवर झोपवू का?"

"झोपवा. उशी देते."

आता भांडण होणार म्हणून तिने वर पाहिलं, तर तो चक्क हसत होता... या काउंटरवर खोली न मिळता हसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

त्याच आठवड्यात रविवारी ती खामगावला कॉलेजात गेली. नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे रविवारी एमबीएचा वर्ग भरायचा. तिने बाकावर पर्स ठेवली, तोच शेजारून आवाज आला, "इथं तरी जागा हाय का मॅडम, का हेही बुक हाय?"

त्याचं नाव अविनाश, वरवट बकाल गावचा. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. आठवडाभर बांधाबांधाने फिरायचा आणि रविवारी वर्गात डुलक्या काढायचा. रेवती त्याला कोपराने ढोसायची.

"झोपला होता ना बे?"

"नाही वो. डोळे मिटून मार्केटिंग करून राह्यलो होतो."

"कायचं?"

"स्वतःचं... तुले घ्यायचं हाय का?"

"गॅरंटी किती?"

"जनमभराची," तो म्हणाला, आणि पुढचा तासभर रेवतीच्या कानात सरांचा एक शब्द शिरला नाही.

मधल्या सुट्टीत कचोरी यायची. रेवतीला तळलेल्या मिरचीचा भारी सोस. तो आपल्या कागदावरची मिरची काही न बोलता तिच्या कागदावर सरकवायचा. तिचे डोळे पाण्याने भरले की पाण्याची बाटलीही त्याचीच. प्रेम प्रेम म्हणतात ते यापेक्षा काय वेगळं असतं, असं तिला तेव्हा वाटायचं. भाबडी होती पोर, दुसरं काय!

शिकणं मात्र तिचं खरं होतं. लॉजमध्ये एका गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची आणि दुसरं येईपर्यंत एक पान वाचायचं, अशी तिने दोन वर्षं काढली. "डिग्री आण अन् मॅनेजरच्या खुर्चीवर बस," असं मालकाने सांगून ठेवलं होतं. तिचा शेवटचा पेपर तेवढा उरला होता. अविनाश अकाउंट्सच्या दोन विषयांत अडकला होता. रेवती त्याला ताळेबंद शिकवायची आणि तो ताळेबंद सोडून तिच्या कानातल्या डुलाकडे बघत बसायचा.

त्या पेपरच्या आदल्या दिवशी तो शेगावला आला. रणरणतं ऊन होतं. रसवंतीच्या बाकावर बसला, पण ग्लासाला हात लावेना.

"घरी सांगितलं... तुझ्याबद्दल," तो म्हणाला.

रेवतीने आपला ग्लास खाली ठेवला. "मग?"

"आई म्हणते, पोरगी चांगली हाय. पण पोरापेक्षा जास्त शिकलेली सून नको. भावकीत लोकं हासतात म्हणे."

"अन् तू काय म्हणतं?"

"मी..." तो घुटमळला. "तू उद्याचा पेपर सोडून दे नं, रेवती. दोघंही अर्धेच राहू. लगन झालं की सोबत देऊ. मी हाय ना!"

सोबत! त्या एका शब्दावर ती विरघळली. दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला तेव्हा ती काउंटरवर किल्ल्या देत होती. दुपारी त्याचा फोन आला. "येवढं कोणी करत नाही वो कोणासाठी..." त्याचा आवाज भरून आला होता. रेवती त्या दिवशी खरोखर सुखात होती. तेवढं सुख तिला पुन्हा मिळालं नाही.

हिवाळ्यातल्या परीक्षेला त्याने ते दोन विषय हळूच देऊन टाकले. "सांगनारच होतो, पण नापास झालो असतो तं तू हासली असती," असं म्हणून त्याने तिच्या हातावर पेढे ठेवले. ती त्याच्यासाठी हसली, एक पेढा खाल्ला. मग कंपनीने त्याला बढती देऊन अकोल्याला नेलं. फोन विरळ झाले. लग्नाचं विचारलं की "आईशी बोलतो"... आणि मालकाने मॅनेजरच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं.

उन्हाळ्यात रेवतीने राहिलेल्या पेपरचा अर्ज भरला. परीक्षेच्या सकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात अविनाश समोर! मार्कलिस्ट न्यायला आला होता.

"तुले फोन करनारच होतो," तो म्हणाला. "आईनं... पोरगी पाह्यली. अकोल्याची."

"तुले पसंत हाय?"

त्याने मान खाली घातली. "एमबीए हाय ती. आई म्हणते, पोरगा येवढा शिकला, आता सून बी तशीच पायजे." मग अगदी कळवळून म्हणाला, "तुनं तो पेपर द्याले पायजे होता, रेवती. मंग आई नाही म्हणूच शकली नसती."

तो टोमणा नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं आणि रेवतीला तेच जास्त लागलं. कुणी सोडायला लावला होता पेपर, हेही याला आठवत नव्हतं! तिला त्याची गचांडी धरून विचारावंसं वाटलं. पण घंटा झाली.

"हाव," ती म्हणाली. "द्याले पायजे होता. आज देऊन राह्यली."

"पेपर होयेपर्यंत थांबू का मी?"

"नको. तुले अकोल्याची गाडी भेटनार नाही."

ती आत जाऊन बाकावर बसली. प्रश्नपत्रिका हातात आली, पण अक्षरं दिसेनात. टपटप दोन थेंब कागदावर पडले. फेऱ्या मारणारे सर थबकले. "काय झालं हो? अवघड आहे का पेपर?"

रेवतीने ओढणीने डोळे पुसले.

"नाही सर, सगळं येतं," ती म्हणाली आणि लिहायला लागली.