फळीवर बिल्ला नव्हता

दार ओढून घ्या आणि नीट बसा. फोन बघायचा असेल त्याने आत्ताच उठावं, मी अर्ध्यावर थांबणारा माणूस नाही. आणि ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्याला थाप मारायची म्हटली तरी दोन दिवस आधी तयारी करावी लागते.

साडू नौदलाच्या गोदीत कारकून. नाकासमोर चालणारा. ऑफिसचं पेनसुद्धा कधी घरी आणलं नाही, म्हणून माझी मेहुणी त्याला अजून बोलते. तर एक फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराचं लढाऊ जहाज, एकोणतीस वर्षं चाकरी करून निवृत्त होणार होतं. अशा जहाजाचा इतिहास छापतात. किती मैल गेलं, किती कप्तान झाले, कोणत्या वादळात किती कोळी वाचवले. मेल्या म्हशीला मणभर दूध, नेहमीचंच. ते पुस्तक लिहायचं काम साडूकडे आलं, आणि पठ्ठ्या सगळ्या जुन्या वह्या मुळापासून वाचायला बसला.

एक दिवस त्याच्या टेबलाशी एक बाई आली. तिचा नवरा त्याच जहाजावर इंजिनखोलीत खलाशी होता. जहाजाच्या अकराव्या वर्षी खाली आग लागली, त्यात गेला. पण कामावर मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. चौकशीत लिहिलेलं होतं की बिल्ला न लावता खाली गेला, स्वतःच्या चुकीने मेला.

बिल्ल्याचं सांगतो. इंजिनखोलीच्या झाकणाशी एक फळी असते, तिला खिळे. खाली उतरणाऱ्याने आपल्या नंबराचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. आग लागली तर फळीशी नेमलेल्या माणसाने फळी बघायची. रिकामी असेल तर झाकण बंद करून आत वायू सोडायचा. वायूने आग गुदमरते. आत राहिला तर माणूसही गुदमरतो.

बाई म्हणाली, "अठरा वर्षं लोक मला ऐकवतात, तुझा नवरा बेशिस्त होता म्हणून. पोरीच्या लग्नातसुद्धा ऐकवलं. ते बिल्ला विसरणारे नव्हते हो. तुम्ही त्यांचं नाव त्या यादीत घाला, दुसरं मला काही नको."

आता चौकशीतलं ते वाक्य लिहिणारा तेव्हाचा इंजिन अधिकारी पुढे फार मोठा झाला होता. निरोपाच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा तोच. आपण त्याला साहेब म्हणू. साडूने भोळेपणाने साहेबाला पत्र टाकलं, की त्या रात्रीची पक्की वही माझ्याकडे आहे, कच्ची वही अजून जहाजावरच्या कपाटात दिसते, कार्यक्रम झाला की ती उतरवून ताडून पाहतो. कच्ची म्हणजे त्या-त्या क्षणाला जागेवर लिहितात ती. पक्की मागाहून, अधिकाऱ्याच्या सहीने.

साहेबाला वाटत होतं कच्ची वही जळाली. चोराच्या मनात चांदणं. पत्राला उत्तर आलंच नाही, साहेबच आला.

एकोणीस नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला निशाण उतरणार होतं. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेब साडूला म्हणाला, "चल, ती वही घेऊन येऊ. पाच मिनिटांचं काम."

जहाज रिकामं केलेलं. टाक्यांत तेल नाही, वायूच्या बाटल्या दोन महिन्यांपूर्वीच उतरवलेल्या, वीज फक्त दिव्यांपुरती. शिडीवरच्या पहारेकऱ्याने दोघांना दोन बिल्ले दिले. साडूने आपला फळीला अडकवला. साहेबाने खिशात टाकला.

साडू म्हणाला, "साहेब, बिल्ला..."

"मेलेल्या जहाजाला कसले रे बिल्ले," म्हणाला, आणि उतरला.

खाली कपाट उघडलं. वही होती. साहेबाने त्या रात्रीचं पान उघडलं, वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. साडूला म्हणाला, "तू वर जा. मी येतो." ते पान फाडायचं होतं ना, साक्षीदार कशाला हवा.

साडू वर आला. सवयीने आपला बिल्ला काढून घेतला.

फळी रिकामी.

आणि फळीसमोर एक माणूस उभा होता. निळा डगला. पाठमोरा.

साडूला वाटलं पहारेकरी असेल. पण पहारेकरी जाडा होता. हा किडकिडीत. तो एकेका खिळ्यावरून बोट फिरवत होता. सावकाश. शेवटच्या खिळ्यापर्यंत.

मग, मान न वळवता, त्याने विचारलं.

"खाली कोणी आहे?"

...

साडू गप्प.

तो थांबला. पुरेसा वेळ थांबला.

"फळीवर बिल्ला नाही," तो म्हणाला. झाकण खाली आलं. आठही कड्या एकामागून एक बसल्या.

तुम्ही आता विचाराल, काका, साडू बोलले का नाहीत? दातखीळ बसली होती, असं तो सांगतो. मी ते मानतो. पण ती बाई त्याच्या टेबलाशी उभी राहून रडली होती, हेही मला माहीत आहे. मी त्याला पुन्हा विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

आतून आधी दोन थापा आल्या. वैतागलेल्या माणसाच्या. मग मुठी. मग साहेब हाका मारायला लागला. साडूच्या नावाने. मग...

निळा डगला तिथे नव्हता.

साडू पळत सुटला. पहारेकरी आला, आणखी दोघे आले, लोखंडी कांबी घातल्या. कड्या हलेनात. आतला आवाज बारीक होत गेला. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी एकाने नुसतं बोट लावलं आणि झाकण उघडलं.

साहेब शिडीच्या वरच्या पायरीवर मेलेला होता. नखं तुटलेली. वही छातीशी, पान शाबूत. त्यावर फळीशी नेमलेल्या माणसाने त्या जुन्या रात्री लिहिलं होतं: फळीवर एक बिल्ला आहे. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, बंद कर. नंतर साहेबांनी बिल्ला काढून घेतला.

पुस्तक महिनाभर उशिरा छापलं. यादीत त्या खलाशाचं नाव आलं, आणि अकराव्या वर्षाखाली खरं काय झालं तेही आलं. साडू स्वतः पहिली प्रत घेऊन त्या बाईच्या घरी गेला. तिने नावावरून हात फिरवला. रडली नाही.

"आतून दार वाजवलं का हो त्यांनी? त्या साहेबांनी?"

"वाजवलं."

"किती वेळ?"

"बराच वेळ."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.

साडू घरी येतो तर डॉक्टरचा फोन. साहेबाचं शवविच्छेदन त्यानेच केलं होतं. कागद पुरा करायचा होता, आणि एका ठिकाणी त्याचं अडलं होतं.

"अंगावर भाजल्याची खूण नाही," डॉक्टर म्हणाला, "कपड्यांना धुराचा वास नाही. पण घशापासून फुफ्फुसापर्यंत नुसती काजळी भरलीय. तुम्ही तिथे होतात ना? आग कुठे लागली होती?"