गॅस हवेत नाही सोडायचा!

उन्हाने जीव नकोसा झाला म्हणून ती कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानात शिरली, एवढंच. मनात दुसरंतिसरं काही नव्हतं. पण पहिलाच चमचा तोंडात गेला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे इतकं मऊ कसं?"

काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली. "अं... प्रेमाने बनवलंय म्हणून?"

"नाही. तुमचा फ्रीझर आजारी आहे म्हणून!"

आणि ती सरळ काउंटरच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि जुन्या, अगडबंब फ्रीझरला कान लावला. तो बघतच राहिला.

"ठोके ऐकू येतायत का, डॉक्टर?" त्याने हळूच विचारलं.

"शू...! गॅस गळतोय."

फ्रिज-एसी दुरुस्त करणं हेच तिचं काम. बाजारात सगळे तिला 'कूलिंगवाली' म्हणायचे. सुट्टीच्या दिवशीही हत्यारं तिच्या छोट्या गाडीत असायचीच. तिने पाइपच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर टपोरा बुडबुडा फुगला, तशी ती लहान मुलीसारखी ओरडली, "सापडला चोर!"

तो हसला. ती हसली. मग उगाचच दोघं गंभीर झाले.

"आतला गॅस आधी या रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेते," ती म्हणाली. "मग सांधा जोडायचा, आणि तोच गॅस परत भरायचा. संध्याकाळ होईल पण."

"संध्याकाळ?" आतून त्याचे काका आले. दुकान त्यांचं. "अगं पोरी, उद्या केवढी मोठी ऑर्डर आहे! सगळं आइस्क्रीम वितळून जाईल. नट ढिला कर, गॅस फुस्सकन जाऊ दे हवेत, आणि नवा भर. आजवर सगळे असंच करत आलेत."

"हवेत नाही सोडायचा, काका. हा जुना गॅस वर ओझोनच्या थरापर्यंत पोचतो आणि त्याला कुरतडतो. सूर्याचे घातक किरण तो थर अडवतो, म्हणून आपली कातडी, डोळे, पिकं शाबूत आहेत."

"एवढ्याशा गॅसने काय आभाळ फाटणार आहे?"

"जगातला प्रत्येक जण हेच म्हणत होता, काका. म्हणून तर फाटलं!"

काकांनी फोन उचलला. "मी दुसरा मेकॅनिक बोलावतो."

ती हत्यारं पिशवीत टाकू लागली. गिऱ्हाईकं तिने याआधीही गमावली होती, पण आज तिचा पाय निघेना. का, ते कळेना. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं...

त्याने काकांच्या हातातला फोन अलगद काढून घेतला.

"काका, या म्हणतायत तसंच होईल. ऑर्डरचं आइस्क्रीम मी पहाटे उठून पुन्हा बनवतो."

"आणि हे एवढं सगळं?"

"हे? हे वाटून टाकू!"

मग काय! त्याने दार सताड उघडलं आणि रस्त्यावर हाळी दिली. शिंपी आला, पोस्टमन आला, समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. हनुवट्यांवरून स्ट्रॉबेरी ओघळू लागली. काका आधी फुरंगटून बसले, मग स्वतःच डाव घेऊन वाढायला लागले.

ती मात्र फ्रीझरपाशी, गॅसच्या दाबाच्या मीटरवर डोळे लावून. हात तेलाने माखलेले. तो एक वाटी घेऊन तिच्याजवळ बसला आणि काही न विचारता चमचा पुढे केला. तिने खाल्लं... आणि गार आइस्क्रीमनेही गाल तापतात, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"ते वरचं भोक... आता कायमचंच का हो?" त्याने विचारलं.

"नाही ना! तीच तर गंमत आहे!" तिचे डोळे चमकले. "सगळ्या देशांनी एकत्र बसून असले गॅस बंद करायचं ठरवलं. आणि ते भोक हळूहळू भरून येतंय. लोकांनी चक्क ऐकलं हो!"

"तुम्ही सांगितलं असेल. मग कोण नाही ऐकणार?"

तिने मीटरकडे बघायचं नाटक केलं.

त्यानंतर दर आठवड्याला ती 'गळती तपासायला' येऊ लागली. सांधा दगडासारखा पक्का होता. तरी ती फेस लावायची, तो शेजारी उकिडवा बसायचा, आणि बुडबुडा येत नाही हे बघण्यात दोघांची अख्खी दुपार सरायची.

एके दिवशी तो दारातच तिची वाट बघत होता.

"अहो, बातमी आहे! काका नवा फ्रीझर घेतायत. ओझोनला धक्काही न लावणारा! आणि देखभालीला कंपनीचाच माणूस येणार."

तिने खरं तर उडीच मारायला हवी होती. पण तिने हत्यारांची पिशवी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

"छान... फारच छान," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे आता माझं इथे काही काम नाही."

"नाही."

"मग... निघते मी."

"अगं, थांब की!"

अगं? ती गर्रकन वळली. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"काम नाही म्हणूनच विचारतोय," तो अडखळला. "काम नसताना येशील? म्हणजे... रोज? म्हणजे... कायमचीच?"

तिने पिशवी खाली ठेवली. "एक सांगू? तुझ्या फ्रीझरला केव्हापासून काहीच झालेलं नाही. मी उगाच येत होते."

"माहितीये मला."

"मलाही माहितीये!" आतून काका गरजले. "आता हो म्हण आणि आत ये, पोरी! दारात उभं राहून सगळी गार हवा बाहेर घालवताय!"

"हो!" ती म्हणाली. इतक्या मोठ्याने, की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

मग ती आत आली, आणि तिने दार लावून घेतलं.