डावीकडची सीट

मूल गावातल्या एका राइस मिलमागे, टिनाच्या शेडमध्ये ती अँबॅसिडर अकरा वर्षं उभी होती. मूळचा पांढरा रंग कोंड्याच्या धुळीने पिवळट पडला होता, चारही टायर बसले होते आणि डिकीत एका कोंबडीने संसार मांडला होता. लटारू खोब्रागडेने गुडघ्यावर बसून खालचा पत्रा पान्याने ठोकून पाहिला. आवाज भरीव आला. तेवढ्यावर त्याने गाडी घ्यायचं ठरवलं. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला लोखंडाचा आवाज कळतो. बाकीचं दुरुस्त होतं.

मिलचा जुना चौकीदार देवाजी किल्ली घेऊन आला. किल्ली देण्याआधी त्याने एक गोष्ट केली. गाडीला वळसा घालून त्याने डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि दार धरून तो उभा राहिला. पंधरा-वीस सेकंद. म्हाताऱ्या पाहुण्याला उतरायला वेळ लागतो तेव्हा माणूस उभा राहतो, तसा. मग त्याने दार हळूच लावलं आणि किल्ली लटारूच्या हातात ठेवली.

"जा घेऊन. सावकाश चालवजा."

गाडी तर टोचन करूनच न्यायची होती. लटारूला हसू आलं.

गाडी हवी होती ती गिरजाबाईसाठी. दोन वर्षांपूर्वी लटारूच्या बायकोला, तिला, लकवा मारून गेला होता. बोलणं परत आलं, उजवा हात अर्धा आला, काठी घेऊन ती घरातल्या घरात फिरायला लागली. पण दवाखान्यात नेताना चौघांनी तिला उचलून ऑटोत ठेवलं होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलं होतं आणि सगळी गल्ली पाहत होती. त्यानंतर ती फाटकाबाहेर गेली नव्हती. मुलगी रीता आरमोरीला शाळेत शिकवायची. तिचं नवं घर बांधून झालं होतं आणि बुद्धपौर्णिमेला तिथे वंदना ठेवली होती.

"कोनी उचलून ठेवीन तं मी येत नाई," गिरजाबाईने सांगून टाकलं. "मी का तांदळाचं पोतं हाओ? माह्या पायानं बसीन, माह्या पायानं उतरीन. नाई तं तुमी जा अन् फोटो आना."

फिरत्या सीटची नवी गाडी लटारूने मोबाइलवर पाहिली होती. त्या किमतीत आरमोरीत आणखी एक खोली निघाली असती. अँबॅसिडरचं दार रुंद असतं, सीट उंच असते, आणि सीट फिरवायला शेवटी लागतं काय? एक बेअरिंग. पौर्णिमेला अडीच महिने होते.

ते अडीच महिने लटारूच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी ऊन तापायच्या आत तो अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडीशी लागायचा. इंजिन खोललं, धुतलं, रिंगा बदलल्या. ब्रेक नवे घातले, कारण ब्रेक जुने घालायचे नसतात. वायरिंग स्वतः ओढलं. टायर एका टॅक्सीवाल्याकडून घेतले, निम्मे घासलेले. आरटीओची तपासणी तिसऱ्या फेरीत झाली. गिरजाबाई खिडकीत बसून तांदूळ निवडायची आणि सल्ले द्यायची.

"पुसून राह्यले किती! लग्नात मले एवढं पाह्यलं नोतं."

"तू एवढी गंजली नोती," लटारू म्हणायचा.

सीटसाठी त्याने नाक्यावरच्या मुखरू वेल्डरला बोलावलं. अँबॅसिडरची पुढची सीट आडवी, एकसंध. ती मधोमध कापून डावा भाग फिरता करायचा होता. बेअरिंग एका भंगारातल्या मळणीयंत्राचं होतं, ताटलीएवढं.

"लटारूभाऊ, लोकं बायकोसाठी सोनं आनते. तुमी बेअरिंग आनलं."

"सोनं फिरते का बे?"

"नाई."

"मंग?"

मुखरूने सीट कापली. उजवा तुकडा त्याने एका हाताने बाहेर काढला. डावा हलेना. बोल्ट सगळे निघालेले होते. लटारूने दुसऱ्या बाजूने हात लावला, दोघांनी दम धरून तो दारापर्यंत आणला आणि मुखरू धापा टाकत म्हणाला, "सिमेंट भरलं का याच्यात बाप्पा?" पण बाहेर, कडुनिंबाखाली ठेवल्यावर तोच तुकडा मुखरूने पायाने सरकवला. लटारूला असं अर्धवट सोडवत नाही. त्याने भंगारवाल्याचा काटा मागवला. दोन्ही तुकडे चौदा-चौदा किलो भरले.

"कुठी अडकला असन," मुखरू म्हणाला.

"असन," लटारू म्हणाला. पण अडकल्याची खरचटण कुठेच नव्हती.

सीट बसली. मऊ, बिनआवाजाची फिरायला लागली. गिरजाबाईचा उजवा पाय लोंबकळू नये म्हणून लटारूने पुढे नऊ इंचांचं पायदान जोडलं आणि सीट जागेवर राहावी म्हणून बोटभर जाडीची लोखंडी पिन दिली. नवा फोम, वरून तपकिरी रेक्झिन.

दोन दिवसांत फोमला खळगा पडला. लहानसा, दाराच्या बाजूला कललेला. गिरजाबाई त्यावर अजून बसली नव्हती. लटारूने फोम हलका निघाला असं ठरवलं आणि दुकानदाराला दोन शब्द सुनावून दुसरा आणला. त्यालाही दोन दिवस लागले.

मग एका सकाळी सीट फिरलेली दिसली.

चंद्रपुरात काळी धूळ कोणाला नवी नाही. रोज सकाळी बॉनेटवर तिचा पातळ थर असायचा. त्या सकाळी लटारू फडकं घेऊन आला, तर काच बंद, दार बंद, आणि आत सीट पूर्ण नव्वद अंशांत वळून घराकडे तोंड करून होती. पिन डॅशबोर्डवर आडवी ठेवलेली. लटारू बराच वेळ काचेतून पाहत राहिला. भीती वाटली असं नाही. हिशेब जुळत नव्हता. पायदान नऊ इंचांचं. दार बंद असताना सीट चार बोटंही फिरत नाही, पायदान दाराला अडतं. त्यानेच ते तसं बसवलं होतं. दार उघडल्याशिवाय सीट वळणार नाही, आणि वळल्यावर पायदान आत घेतल्याशिवाय दार लागणार नाही.

त्याने दार उघडायचा प्रयत्न केला. दार उघडताना पायदान आतून पत्र्याला घासत, चरचरत मागे आलं. दाराच्या आतल्या रंगावर एक नवा ओरखडा उमटला. एकच. तो आत्ता पडलेला होता.

त्याने खडूने गाडीच्या तळपत्र्यावर आणि सीटच्या पायावर खुणा केल्या. गाडी उलट तोंडाने लावून पाहिली, म्हणजे डावं दार शेजारच्या भिंतीकडे आलं. तीन दिवस सीट हलली नाही. पुन्हा घराकडे डावं दार केलं. दुसऱ्या सकाळी सीट वळलेली, पिन डॅशबोर्डवर.

पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. लटारूने देवाजीला फोन लावला.

"देवाजीभाऊ, जयभीम. त्या दिवशी गाडीचं दार उघडून काऊन उभे होते?"

पलीकडे मिलचा पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"उतरते का म्हून पाह्यलं," देवाजी म्हणाला. "नाई उतरली."

"कोन?"

"आता मले का मालूम, भाऊ? मी कामाले लागलो तवाच बसून होती. मालक सर्व्यायले मागं बसवे, समोर कोनाले नाई. गाडी उभी पडली तवापासून मी रोज दार उघडून पाहो. तिले उतरता येत नसन, असं वाटे. तरास नाई तिचा. गरीब हाये."

लटारूने फोन खिशात ठेवला. वीज केंद्रात त्यांचा एक नियम होता. ज्या बिघाडाने नुकसान होत नाही, तो वहीत लिहायचा आणि मशीन चालू ठेवायचं. पाच दिवसांत दुसरी सीट होणार नव्हती, आणि गिरजाबाईने कपाटातून पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं. त्याने बेअरिंगमध्ये थोडं ग्रीस भरलं. गिरजाबाईला काही सांगितलं नाही.

आदल्या दिवशी त्यांनी बसून पाहिलं. सीट बाहेर वळवली, गिरजाबाई पाठ करून उभी राहिली, काठी टेकवली, आणि अंग मागे टाकायच्या वेळी उजवा पाय तिला दगा देऊ लागला. तीनदा. लटारू पुढे झाला.

"हात नोका लावू!"

चौथ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. काठी ओढत आत गेली. "तुमी जा," ती आतून म्हणाली. "रीताले सांगा, आईले बरं नाई."

लटारू अंगणात उभा राहिला. अडीच महिने त्याने इंचाइंचाने सगळं मोजलं होतं, आणि शेवटी दीड वीत कमी पडली होती.

पौर्णिमेच्या सकाळी तो एकटाच निघायची तयारी करत होता. रीतासाठी घेतलेली पितळी समई मागच्या सीटवर ठेवली. पाण्याचा वीस लिटरचा कॅन दोन्ही हातांनी उचलून डिकीकडे निघाला, तेव्हा पायरीवर काठी वाजली. गिरजाबाई पांढरं लुगडं नेसून आली होती. सीट वळलेलीच होती. दार लटारूने नुकतं उघडलं होतं.

"पाहून घेतो एकडाव," ती म्हणाली.

ती पाठ करून उभी राहिली. उजवीकडे तिच्या आणि उघड्या दाराच्या मध्ये वीतभर जागा होती. तिने डोळे मिटले. मग तिचं उजवं कोपर अंगापासून किंचित वर उचललं गेलं, तसंच राहिलं, आणि ती बसली. अलगद, कप बशीत ठेवावा तशी.

"बसली!" ती लहान मुलीसारखी हसली. "पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"कोपराले धरलं तं धरलं, तेवढं चालते. उचललं नाई ना तुमी."

लटारू गाडीच्या मागे होता. कॅन अजून त्याच्या दोन्ही हातांत होता.

"नाई," तो म्हणाला. "उचललं नाई."

त्याने सीट आत वळवली. दार लावलं.

तो प्रवास त्या दोघांनाही आठवत राहील असा झाला. काचा खाली, मेचं गरम वारं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात तापलेलं सागाचं जंगल आणि मोहाचा उरलासुरला वास. इंजिन एकदाही खोकलं नाही. मूलमध्ये मिलसमोरून जाताना गिरजाबाईने पदर सावरला. व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलावर तिने गाडी थांबवायला लावली आणि बसल्या जागेवरून पाण्याची उरलेली धार पाहिली. दोन वर्षांत तिने घराच्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा लांबचं काही पाहिलं नव्हतं. एकदा तिने दाराकडे अंग चोरून घेतलं.

"का झालं?"

"काई नाई. गरम नाई होऊन राह्यलं एका बाजूनं."

आरमोरीत रीता फाटकात उभी होती. गिरजाबाई सीट वळवून स्वतः उतरली तेव्हा रीता रडायला लागली आणि गिरजाबाई तिला रागावली. दिवसभर वंदना झाली, खीर झाली, लोकांनी गाडी पाहिली, सीट फिरवून पाहिली. सीट गरगर फिरत होती. रीताचे सासरे म्हणाले, "खोब्रागडेभाऊ, तुमी तं इंजिनेर निघाले." लटारू मान खाली घालून हसला. असा दिवस फार वर्षांत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. गिरजाबाईची काठी आरमोरीतच राहिली होती आणि हे तिच्या अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं होतं.

लटारूने गाडी अंगणात लावली, डावं दार घराकडे. दार उघडलं, सीट वळवली. गिरजाबाई उतरली. तिचा भार गेला तशी गाडीची डावी बाजू स्प्रिंगवर वर आली. ती दोन पावलं चालून थांबली.

लटारू दार लावणार होता. लावलं नाही. धरून उभा राहिला.

कडुनिंबाचं एक पिवळं पान बॉनेटवर पडलं.

गाडीची डावी बाजू पुन्हा वर आली. बोटभर.

गिरजाबाई पुढे चालू लागली. काठीशिवाय.

लटारूने दार हळूच लावलं.

त्याला आता चार महिने झाले. गाडी दर रविवारी निघते. कधी मूलच्या बाजाराला, कधी आरमोरीला. सीट त्या दिवसापासून आपोआप फिरली नाही. खडूची खूण जागच्या जागी आहे, फोमचा खळगा भरून आला आहे आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की सीटवर धुळीचा थर सगळीकडे सारखा बसतो. मुखरूला अशा तीन सीटची कामं मिळाली आहेत. देवाजीचा एकदा फोन आला होता. लटारूने फक्त, "उतरली," असं सांगितलं, आणि पलीकडून, "बरं झालं," असं आलं.

गिरजाबाई आता घरभर चालते, अंगण झाडते, फाटकापर्यंत जाऊन भाजी घेते. डॉक्टर खूश आहेत. चालताना ती उजवं कोपर अंगापासून थोडं दूर ठेवते. सवय आहे, डॉक्टर म्हणतात. आणि दारातून आत जाताना ती दर वेळी जराशी तिरपी होऊन, डाव्या चौकटीला लागून जाते.

काल ती शेजारी गेल्यावर लटारूने टेप घेऊन ते दार मोजलं. अडतीस इंच. एकट्या बाईला सरळ जायला पुरून उरतं.