नखुरामला न दिसलेली मेंदी

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नखुरामनं शाळेतल्या एकोणचाळीस मुलींची नखं बघितली आणि सगळ्या ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. शलाकाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. तिची मैत्रीण मंजुळा जिना चढताना तीनदा थांबायची. ती कसली ठणठणीत?

नखुराम म्हणजे आरोग्यगाडीतून आलेला यंत्रमानव. कॅमेऱ्याचा एक डोळा, आणि नको तितका आत्मविश्वास. नख बघून तो रक्तक्षय (रक्तातलं लाल द्रव्य कमी होणं) ओळखायचा. तो ज्यांच्यावर संशय घेईल, त्यांचंच रक्त तपासून औषध मिळणार होतं. आणि गाडी दुपारी निघणार होती.

शलाकानं गाडीसोबत आलेल्या तांबोळीमॅडमना गाठलं. नखुरामला त्यांनीच शिकवलं होतं. कसं, ते तिनं खोदून खोदून विचारलं. मॅडम म्हणाल्या, नियम असे सांगितलेच नाहीत. हातापायांच्या नखांचे हजारो फोटो दाखवले, प्रत्येकासोबत त्या माणसाच्या रक्ताचा खरा अहवाल. गुलाबी नख बहुधा निरोगी, पांढुरकं बहुधा आजारी, ही खूण त्याची त्यानंच शोधली. यालाच यंत्रशिक्षण (उदाहरणांवरून यंत्रानं स्वतः शिकणं) म्हणतात.

"त्यात मेंदी लावलेली नखं किती होती?"

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या. शलाकानं सणाच्या मेंदीनं नखांसकट केशरी झालेली दहाही बोटं त्यांच्यापुढं नाचवली. मग लाजणाऱ्या मंजुळाला चप्पल काढायला लावली, कारण पायांना मेंदी नव्हती.

नखुरामनं पायाचा अंगठा बघितला. "रक्तक्षयाची शक्यता." मग हाताचा, मेंदीनं रंगलेला. "निरोगी."

"एका पोरीत दोन रक्तं असतात का रे, नखुराम?"

नखुरामनं डोळा पुन्हा पायाकडं वळवला.

"हा अजून संशयच आहे हं," मॅडम म्हणाल्या. "खरं काय ते रक्तच सांगेल."

त्यांनी गाडी थांबवून सगळ्यांचं रक्त तपासलं. सात जणींना रक्तक्षय निघाला, मंजुळाचा सर्वांत जास्त. तिला गोळ्या सुरू झाल्या, आणि मेंदीच्या नखांचे फोटो खऱ्या अहवालांसकट नखुरामच्या अभ्यासात गेले. शिवाय मॅडमनी त्याला एक तिसरं उत्तरही शिकवलं.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा आली. मंजुळा एका दमात जिना चढली आणि तिनं मुद्दाम जांभळं रंगवलेलं नख नखुरामपुढं धरलं. तो म्हणाला,

"मला सांगता येत नाही. रक्त तपासा."

"सुधारला गं हा," मंजुळा खुदकन हसली.

"सुधारलीस तू," शलाका म्हणाली. "तो नुसता शहाणा झालाय."